दोन रथांमधली फुले : चातुर्मासाच्या परडीत दडलेला इतिहास

१/
आषाढ शुद्ध एकादशी. पंढरपुरात वारकऱ्यांचा महासागर लोटलेला असतो आणि त्याच दिवशी जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. लाकडी रथाला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधलेल्या असतात. रथ ओढणारे शेकडो. पण त्याची दिशा सांभाळणारे मोजकेच असतात. ते चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, सरकवतात आणि अवजड रथ हव्या त्या बाजूला वळतो. या सोहळ्याला सुमारे दीडशे वर्षांची परंपरा आहे.

२/
चार महिन्यांनी, कार्तिक शुद्ध एकादशीला, जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी तो सुरू केला. पहिल्या रथाच्या दिवशी चातुर्मास बसतो, दुसऱ्या रथाच्या दिवशी तो संपतो. मराठी घरातील फुलांचा हंगामही बहुतांशी याच दोन रथांच्या मधला. या चार महिन्यांत फुलाऱ्याची परडी जितक्या वेळा पालटते, तितकी वर्षभरात पालटत नाही. आषाढात तिच्यात एक फूल असते, श्रावणात दुसरे, दसऱ्याला तिसरेच.

३/
या परडीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येते. ताम्रपट आणि शिलालेख वाचले जातात. हार वाचला जात नाही. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून जो हार देवाला वाहिला जातो, त्यातील प्रत्येक फूल या भूमीत केव्हा आले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तो विचारला, तर खानदेशातील एका हारात बाराव्या शतकाचा थर सापडतो, सोळाव्या शतकाचा सापडतो आणि अगदी कालपरवाचाही. सुरुवात जुन्या थरापासून करू या.

४/
इ.स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ रचला. त्यात भुंग्यांचे एक सुंदर उदाहरण आहे. भुंग्यांच्या थव्याचा एक पंचमांश भाग कदंबावर गेला, एक तृतीयांश शिलीन्ध्राच्या फुलावर. या दोहोंतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर गेले. उरला एक. तो केतकी आणि मालती यांच्या सुगंधांनी दोहोंकडे ओढला जाऊन मधल्या मध्ये घुटमळत राहिला. तर एकूण भुंगे किती? उत्तर : १५. थव्याचे ३, ५ आणि ६ असे भाग पडतात आणि एक उरतो.

५/
गणित सुटले, तरी फुलांची यादी पुन्हा वाचावी. कदंब, कुटज म्हणजे आपला कुडा, केतकी म्हणजे केवडा, आणि मालती. संस्कृत साहित्याने ही सारी फुले पावसाळ्याशी जोडलेली आहेत. ‘शिलीन्ध्र’ या शब्दाचे कोशांत जे अर्थ दिले आहेत, त्यांत केळफूल हाही एक अर्थ आहे. भास्कराचार्यांनी उदाहरणासाठी मनाला येतील ती फुले घेतली नाहीत. त्यांनी एक ऋतू घेतला. त्या एका श्लोकात पाऊस पडून गेलेला आहे.

६/
या ग्रंथाचे खानदेशाशी नाते दगडावर कोरलेले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला. आजोबांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत, हा त्याचा हेतू होता. इ.स. १२०७ च्या सुमाराच्या तेथील शिलालेखात या मठाला दिलेल्या दानांची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या परिसरातील विद्यार्थी कदंब आणि कुड्याची फुले मोजत अपूर्णांक शिकत असणार.

७/
‘लीलावती’त फुलांचे आणखी एक उदाहरण आहे आणि ते थेट पूजेचे आहे. कमळांच्या राशीतील एक तृतीयांश शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला आणि एक चतुर्थांश देवीला वाहिली. उरलेली सहा गुरुचरणी ठेवली. राशीत कमळे किती होती? १२०. हे उदाहरण त्या काळच्या वाचकाला ओळखीचे वाटले असेल, तर त्याचे कारण उघड आहे : पूजेसाठी फुले मोजून घेणे आणि मोजून वाहणे ही रोजची गोष्ट होती.

८/
ती मोजणी आजही थांबलेली नाही. चातुर्मासात ‘लाखोली’ वाहण्याचे व्रत घेतले जाते. बेलाची, तुळशीची, पारिजातकाची. एक लाख पाने किंवा फुले चार महिन्यांत वाहायची, तर रोजचा हिशेब आठशेच्या घरात जातो. पहाटे उठून सडा वेचणाऱ्या, शंभराशंभराचे वाटे करणाऱ्या आणि भिंतीवर रेघा ओढून नोंद ठेवणाऱ्या बायकांनी ‘लीलावती’ कधी पाहिलीही नसेल. तरी दोघांचे गणित एकच होते.

९/
कमळाचे तर खानदेशाशी विशेष सख्य. एरंडोल तालुक्यातील गणपतीच्या क्षेत्राचे नावच पद्मालय, म्हणजे कमळांचे घर. देवळापुढचे तळे हे त्याचे कारण. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व हाती कमळ धरून उभा आहे, आणि लेण्यांच्या छतांवरही कमळांची चित्रे आहेत. पाचव्या शतकातील चित्रकाराची परडी आणि बाराव्या शतकातील गणितज्ञाची परडी, दोन्हींत कमळाला मानाचे स्थान आहे. झेंडू दोन्हींत नाही. तो कोठे होता, ते पुढे पाहू.

१०/
आता फुलाऱ्याकडे वळू. हा व्यवसाय किती जुना? रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ब्राह्मी लेख आहेत. त्यांत एका मालाकाराच्या, म्हणजे माळा करणाऱ्याच्या, दानाची नोंद आहे. चाळीसगावपासून जवळच असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या एका गांधिक कुळाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, खांब दान केल्याचा लेख आहे. फुले आणि सुवास विकणारी माणसे दगडात लेणे कोरवून घेण्याइतकी सधन होती आणि आपला व्यवसाय नावापुढे अभिमानाने लिहवून घेत होती.

११/
श्रावण लागतो. धरणगावी १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी, हे याच भूमीचे. त्यांची ‘श्रावणमास’ ही कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली आहे. तिच्यात कोणती फुले आहेत, ते आठवून पाहावे : सोनचाफा, केवडा, पारिजात. भास्कराचार्यांनंतर साडेसातशे वर्षांनी खानदेशाचा एक कवी पावसाळ्याचे चित्र रेखाटतो आणि केतकीला पुन्हा त्याच जागी बसवतो. राजवटी आल्या, गेल्या; श्रावणाची परडी मात्र फारशी हलली नव्हती.

१२/
पारिजातकाची नोंद परदेशी माणसानेही घेतली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात रात्री फुलून पहाटे फुले ढाळणाऱ्या या झाडावर एक स्वतंत्र संवाद आहे. ओर्ता त्याला ‘दुःखी वृक्ष’ म्हणतात. गंमत अशी की, पोर्तुगीज वैद्य गोव्यात बसून इथल्या फुलाची नोंद करत होता, त्याच शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारी वाटांनी दुसऱ्या गोलार्धातील फुले इथे उतरू लागली होती.

१३/
पण आधी भाद्रपद. हरतालिकेला केवडा, गौरीला तेरडा, गणपतीला एकवीस पत्री. आघाडा, शमी, मरवा, डोरली, रुई, माका, विष्णुक्रांता, हादगा... ही यादी म्हणजे घराघरात पाठ होणारा वनस्पतिकोश आहे. हिच्यात निशिगंध नाही, झेंडूही नाही. यादी नावानिशी बांधलेली असल्यामुळे तिच्यात नव्याला शिरकाव मिळाला नाही. पुजारी मंत्र म्हणत असे. पण डोरली कोणती आणि माका कोणता, हे ओळखणारी नजर रानातून पत्री आणणाऱ्या बायकांची होती. बाजारात वाट्याने विकली जाणारी पत्री हे त्यांच्या ज्ञानाचे मोल होते, आणि ते नेहमीच फार कमी ठरले.

१४/
आश्विनात पट पालटतो. दसऱ्याला पिंप्राळ्यापासून पुण्यापर्यंत सारा महाराष्ट्र पिवळा-केशरी होतो. दाराला तोरण, नांगराला माळ, यंत्राला हार, दुचाकीलाही हार. झेंडूवाचून दसरा ही कल्पनाच करवत नाही. आणि हेच फूल मूळचे मेक्सिकोचे. सोळाव्या शतकापूर्वी भारतात ते नव्हते. शिवरायांच्या जन्माच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी या देशात जो दसरा साजरा झाला, त्याच्या तोरणात आजचा झेंडू असणे शक्य नाही.

१५/
मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत या फुलाच्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’ असा होतो. वीस म्हणजे पुष्कळ, अर्थात पुष्कळ पाकळ्यांचे फूल. स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साहागून यांनी १५७७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या अझ्टेक जीवनावरील मोठ्या ग्रंथात त्याचे वर्णन येते. आजही मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पितरांचे स्मरण होते, तेव्हा त्यांना घराची वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. तेथे हे फूल मृतांना घरी बोलावते, येथे विजयाचे तोरण होते.

१६/
दोन्हीकडे सण मात्र एकाच सुमारास येतात, आणि याचे कारण भूगोलात आहे. मेक्सिको शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, जळगाव २१ अंशांवर. दोन्हीकडे पाऊस उन्हाळ्याअखेरीस येतो आणि शरदात ओसरतो. दोन्हीकडे त्या सुमारास दिवस सारखेच लहान होत जातात. दिवस आखडू लागला की झेंडू बहरतो. जग ओलांडून आलेल्या या फुलाला इथे आपला ऋतू आयता मिळाला. दसरा आधीपासून होता, केशरी रंगाला मान होता, फक्त त्या हंगामात भरभरून येणाऱ्या फुलाची जागा मोकळी होती.

१७/
फुलाऱ्याने त्याला का स्वीकारले, हे हार गुंफणाऱ्या हातांना विचारावे. केवडा काटेरी, पारिजातक दुपारपर्यंत मलूल, कमळ पाण्याबाहेर टिकत नाही. झेंडू सुईत ओवला तरी फाटत नाही, केळीच्या सोपटाच्या धाग्यानेही बांधता येतो, दोन-तीन दिवस रंग सोडत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. झेंडूची माळ सुकून गेली तरी तोरण म्हणून दारावर राहते. शेतकऱ्यालाही तो फायद्याचा ठरला. त्याच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना आवरतात; म्हणून टोमॅटोसारख्या पिकांच्या कडेने झेंडूची ओळ लावतात.

१८/
आणि तो एकटा आला नाही. लग्नाच्या हारातील निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफा, ज्याला देवचाफाही म्हणतात, मध्य अमेरिकेकडचा. त्याचे शास्त्रीय नाव शार्ल प्ल्युमिए या सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. सोनचाफा मात्र इथला. खानदेशी भरताचेही तेच आहे : वांगे इथले, मिरची अमेरिकेची. ठेच्याला परका म्हणणारा माणूस जळगावात शोधून सापडणार नाही. झेंडूही त्याच वाटेने घरचा झाला. पिंप्राळ्याच्या रथोत्सवापेक्षा भारतातील झेंडू दोन-तीन शतकांनी जुना आहे.

१९/
फुलांच्या या व्यवसायाने महाराष्ट्राला एक नावही दिले. साताऱ्याकडील कटगुणचे गोऱ्हे घराणे पुण्यात आले. पेशव्यांकडे फुले पुरवू लागले, त्या सेवेबद्दल ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि आडनाव पडले फुले. याच घराण्यात १८२७ मध्ये जोतीराव जन्मले. फुले देवापर्यंत जातात, पण ती पिकवणारा आणि गुंफणारा गाभाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकतो, हा प्रश्न ज्या समाजाने शतकानुशतके अनुभवला, त्याच समाजातून १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला. परडीच्या इतिहासाला ही बाजूही आहे. हाराचा वास सर्वांना येतो, ओवणाऱ्याच्या बोटांना टोचलेली सुई दिसत नाही.

२०/
कार्तिक. जळगावचा रथ सजतो आणि परडीत सर्वांत नवा थर दिसतो : जर्बेरा. दक्षिण आफ्रिकेचे हे फूल जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्बर यांच्या नावाने ओळखले जाते. ते उघड्या रानात नव्हे, पॉलिहाऊसमध्ये वाढते. तेथे ऊन, ओल आणि खत मोजून दिले जाते. म्हणून ते आषाढातही मिळते, कार्तिकातही, चैत्रातही. त्याच्या शेजारी टांगलेल्या प्लास्टिकच्या माळांना तर कोणताच महिना नसतो.

२१/
येथे थांबून मागे पाहावे. झेंडू आला तेव्हा परडीतील फूल बदलले, पण परडीची शिस्त टिकली. नव्या पाहुण्याने एक ऋतू मागितला. आश्विन त्याला मिळाला. आषाढ कदंबाकडे राहिला, श्रावण केवड्या-पारिजातकाकडे, भाद्रपद पत्रीकडे. परंपरा फुलांच्या नावांत नव्हती, ती कोणत्या महिन्यात काय वाहायचे या क्रमात होती. म्हणून चारशे वर्षांत इतकी परकी फुले पचवूनही हार मराठीच राहिला.

२२/
आजचा बदल वेगळ्या जातीचा आहे. तो फुलाबरोबर ऋतूही काढून घेतो. झेंडू बाराही महिने पिकतो, म्हणून आषाढाच्या रथावरही तोच आणि कार्तिकाच्या रथावरही तोच. दसऱ्याला भाव मिळेल या आशेने सर्वांनी एकदम लावलेला झेंडू संध्याकाळी रस्त्याकडेला ओतून शेतकरी घरी जातो, हे दृश्य दर काही वर्षांनी दिसते. कुड्याला बाजार नाही, कदंबाला नाही. ज्याला भाव नाही, ते झाड बांधावर राखायला कोणाला सवड नाही. आणि झाड गेले की त्याचे नाव फक्त श्लोकात उरते. भास्कराचार्यांचा पंधरावा भुंगा दोन फुलांमध्ये घुटमळला होता. आजच्या भुंग्यापुढे तेवढी निवड उरली आहे का, हा प्रश्न गणिताचा नाही.

२३/
यावर उपाय म्हणून झेंडूला हद्दपार करण्याचे कारण नाही. तसे केले तर मिरचीलाही निरोप द्यावा लागेल. आषाढाच्या रथावर झेंडूच्या माळेशेजारी कदंबाचा एक डहाळा चालतो. गणपतीच्या आदल्या दिवशी पत्रीचा वाटा घेताना विकणारीला पानांची नावे विचारता येतात, आणि ती आनंदाने सांगते. शाळेत अपूर्णांक शिकवताना १२० कमळांचे उदाहरण घालता येते. ते याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेले आहे.

२४/
पुढच्या आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघेल. ओढणाऱ्यांचा जोर रथाला पुढे नेतो, पण वळणावर तो नीट वळतो तो चाकाखालच्या मोगरीमुळे. गर्दी रथाकडे पाहत असेल. इतिहासाची आवड असणाऱ्याने क्षणभर त्याच्या हाराकडेही पाहावे, एकेक फूल ओळखावे आणि ते कोठून आले, केव्हा आले, हे आठवावे. आणि कोणते फूल त्या हारात नाही, तेही.